शंका घेऊन बसलेल्यालाही मंडळीत जागा असावी

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

खानदेशातील ख्रिस्ती समाजाविषयी गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्रांतून जे छापून येते, त्यात बहुतेक वेळा मोजणीचा वाद असतो. किती जणांनी धर्म बदलला, किती प्रार्थनागृहे उभी राहिली, कोणाचा दाखला खरा आणि कोणाचा खोटा, यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले जाते. त्या वादात पडण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील मंडळ्यांत, म्हणजे गावोगावच्या चर्चमध्ये, ३३ वर्षे पाळक म्हणून काम करून मी आता निवृत्त झालो आहे, आणि या सगळ्या मोजणीत एक माणूस कोणाच्याच खात्यात धरला जात नाही, हे मला फार दिवसांपासून टोचते आहे. तो जन्माने ख्रिस्ती आहे, त्याच्या आजोबांचा बाप्तिस्मा झालेला आहे, तो दर रविवारी उपासनेला येऊन सतरंजीच्या कडेला बसतो, गीत सुरू झाले की ओठ हलवतो, आणि मनातून मात्र देव आहे की नाही, असलाच तर आपले ऐकतो की नाही, या प्रश्नाने पोखरून निघालेला असतो. बाहेरच्यांना तो पक्का ख्रिस्ती वाटतो, मंडळीला तो कच्चा विश्वासी वाटतो, आणि आपण नेमके कोण हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही.

हे पत्र मंडळीच्या एखाद्या मासिकाकडे न पाठवता आपल्याकडे पाठवण्याचे कारण साधे आहे. आमच्या भागातले तरुण सेवक आणि मंडळीतले वडील, म्हणजे ज्येष्ठ पुढारी, आपले दैनिक एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर वाचतात. शिवाय दुःखात पडलेल्या माणसाची श्रद्धा डळमळू लागली म्हणजे त्याच्याशी कसे वागावे, हा प्रश्न गावातल्या कीर्तनकारालाही पडतो आणि मौलवींनाही पडतो. मी माझ्या घरातले सांगतो. इतरांनी त्यातले आपल्या कामाचे घ्यावे.

आमच्याकडे धर्मसेवकाला पाळक म्हणतात, म्हणजे मेंढपाळ. बायबलच्या नव्या करारातील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात मंडळीच्या पुढाऱ्यांविषयी असे म्हटले आहे की, ते तुमच्या जिवांची राखण करतात आणि त्यांना त्याचा हिशेब द्यायचा आहे. राखण हा शब्द खानदेशातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर रात्र काढावी लागते, रानडुकरांची चाहूल घ्यावी लागते, शेकोटी पेटती ठेवावी लागते, आणि एवढे सगळे करूनही कणसात दाणा भरणे राखणदाराच्या हातात नसते. आम्हाला शिक्षणाच्या काळात संदेश कसा तयार करावा, त्याचे मुद्दे कसे पाडावेत, शास्त्रभाग कसा उलगडावा हे मेहनतीने शिकवले गेले, आणि ते आवश्यकच होते; पण जो माणूस आपल्यासमोर बसून काहीच बोलत नाही, त्याच्याजवळ अर्धा तास गप्प कसे बसावे, हे मात्र आम्ही चुका करत करत शिकलो.

मी ते पहिल्यांदा शिकलो तेव्हा मी पाळक नव्हतो. १९७३ च्या पावसाळ्यात, मोठ्या दुष्काळाच्या पाठच्या वर्षी, माझी धाकटी बहीण वारली. तिचे वय १६ होते. तिचे सांधे सुजायचे, हाडे ठणकायची, डोळे पिवळे व्हायचे, आणि दर दोन-तीन महिन्यांनी ती अंथरुणाला खिळायची. त्या काळी आमच्या पाड्यावर सिकलसेल हा शब्दही कोणाला ठाऊक नव्हता. पुष्कळ वर्षांनी पुतण्याची रक्ततपासणी झाली तेव्हा आम्हाला सगळा उलगडा झाला. सांत्वनाच्या प्रार्थनेला आलेल्या मंडळीच्या एका वडिलांनी आईच्या तोंडावर सांगितले की, या घरात पुरेसा विश्वास असता तर मुलगी वाचली असती. आई काही बोलली नाही. मी उठून बाहेर गेलो, आणि त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे मंडळीच्या दारात पाऊल ठेवले नाही.

त्या तीन वर्षांत आमचे म्हातारे पाळक दर गुरुवारी, बाजार आटोपल्यावर, सायकल ढकलत आमच्या ओट्यावर येत. उपासनेला का येत नाहीस, असे त्यांनी मला एकदाही विचारले नाही. त्यांची नजर अधू झाली होती, म्हणून ते पिशवीतून वर्तमानपत्र काढून माझ्या हातात देत आणि मोठ्याने वाचायला सांगत. मी कापसाचे भाव वाचायचो, सभांच्या बातम्या वाचायचो, मृत्यूच्या बातम्याही वाचायचो. असे बरेच दिवस गेल्यावर एका गुरुवारी त्यांनी वर्तमानपत्राऐवजी पवित्र शास्त्र पुढे केले आणि ८८ वे स्तोत्र काढून दिले. मी ते वाचले आणि पुढचे पान उलटले, कारण ते मध्येच तुटल्यासारखे वाटले. बाकीच्या विलापांच्या स्तोत्रांत शेवटी कोठेतरी आशेची ओळ येते. याला ती नाही. मूळ हिब्रू भाषेत तर हे स्तोत्र अंधार याच शब्दावर संपते. पाळकसाहेब म्हणाले, “एवढेच आहे. ज्यांनी हा ग्रंथ जुळवला त्यांनी हे गाळले नाही, तर मी तुला कसा गाळू?” त्यानंतर ते सायकल घेऊन निघून गेले. मी दुसऱ्या रविवारी उपासनेला गेलो असे काही घडले नाही; मला आणखी आठ महिने लागले. पण आपला राग आणि आपला संशय यांसाठी देवाच्या घरात आधीपासून एक कोपरा ठेवलेला आहे, हे मला त्या दिवशी कळले, आणि पुढे मी ज्या सेवेत आलो तिचे मूळ त्या ओट्यावर आहे.

आमच्या उपदेशांत येशूचा शिष्य थोमा याचे नाव बहुधा ठपका ठेवण्यासाठी घेतले जाते. योहानाच्या शुभवर्तमानातला तो प्रसंग मात्र नीट वाचला पाहिजे. मरणातून उठलेला प्रभू शिष्यांना दिसला तेव्हा थोमा तेथे नव्हता, आणि खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय, त्यांत बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणारच नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. यानंतर शास्त्र म्हणते की, आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. या आठ दिवसांविषयी आम्ही कधी बोलत नाही. बाकीच्या दहा जणांनी प्रभूला पाहिले होते, अकरावा ते मानत नव्हता, आणि तरीही त्यांनी त्याला घराबाहेर काढले नाही, त्यानेही घर सोडले नाही. ते आठ दिवस त्यांनी एकत्र जेवूनखाऊन काढले असतील, वादही झाले असतील. दार लावलेल्या त्या खोलीत संशय घेणाऱ्याला जागा राहिली, म्हणून प्रभू आला तेव्हा थोमा तेथे सापडला. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात तर याहून मोठी गोष्ट आहे. सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा, ही आज्ञा ज्या डोंगरावर दिली गेली, तेथे जमलेल्यांपैकी कित्येकांना संशय वाटत होता, असे मत्तय स्वतः लिहून ठेवतो. ज्या आज्ञेवर आमच्या साऱ्या सुवार्ताकार्याची उभारणी आहे, ती आज्ञा संशयितांना वगळून दिली गेली नव्हती.

मग आमच्या मंडळ्यांत शंका तोंडातून बाहेर का पडत नाही? याचे एक मोठे कारण माझ्या मते आमच्या साक्षीच्या पद्धतीत आहे. उपासनेत साक्ष देण्याची वेळ येते तेव्हा ज्याचा ताप उतरला, ज्याला नोकरी लागली, ज्याच्या शेतात बोअरला पाणी लागले, तो उभा राहतो, आणि त्याने उभे राहावेच. कृतज्ञता ही मोठी गोष्ट आहे. पण ज्याने तेवढीच प्रार्थना केली आणि ज्याचे मूल दगावले, त्याला उभे राहून बोलता येईल अशी वेळ आमच्या उपासनाक्रमात कोठेच नाही. तो वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या साक्षी ऐकत बसतो, आणि हळूहळू असा निष्कर्ष काढतो की, देवाचे दार सगळ्यांना उघडते, फक्त आपल्यालाच नाही. हा निष्कर्ष त्याला कोणी शिकवलेला नसतो. आमच्या मौनातून तो तयार होतो.

येथे मला माझ्या हातून घडलेले एक पाप सांगितले पाहिजे, कारण ते न सांगता इतरांना शिकवण्याचा मला अधिकार नाही. सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत मी साक्री तालुक्यात होतो. एका उपवास-प्रार्थनेत, बोलण्याच्या भरात, ज्याचा खरा विश्वास आहे त्याला औषधाची काय गरज, असे वाक्य मी बोलून गेलो. मी कोणालाही औषध बंद करायला सांगितले नव्हते, अशी समजूत मी पुढे बरेच दिवस स्वतःची घालत राहिलो. पण समोर बसलेल्या एका बाईची नऊ वर्षांची मुलगी फेफऱ्यावरच्या गोळ्या घेत होती, आणि त्या बाईने घरी जाऊन गोळ्यांची पुडी पेटीत बंद करून ठेवली. फेफऱ्याच्या गोळ्या एकाएकी थांबवल्या की झटके अधिक जोराने येऊ शकतात, हे मला तेव्हा माहीत नव्हते, आणि माहीत नसताना बोलणे हाच माझा गुन्हा होता. पाचव्या-सहाव्या दिवशी मुलगी चुलीजवळ पडली आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मी धुळ्याला दवाखान्यात गेलो तेव्हा आईने मला एकच प्रश्न विचारला, “मनी पोरनं काय चुकनं, दादा?” मी त्या दिवशी कोणतेही वचन वाचले नाही. पुढच्या रविवारी भर उपासनेत मी ते वाक्य मागे घेतले आणि त्या बाईची क्षमा मागितली. तिने क्षमा केली. पण मुलीचा हात मी आजही कधी कधी पाहतो.

म्हणून माझ्या तरुण सहकाऱ्यांना मी कळकळीने सांगतो की, आजारी माणसाच्या विश्वासाचे माप काढू नका. सिकलसेल हा आजार रक्तातून, आईबापांकडून येतो. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी निपजण्याचा संभव चारांत एक असतो, आणि तो कोणाच्याही प्रार्थनेच्या कमीअधिक जोरावर ठरत नाही. नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवर हा आजार बराच आढळतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ पासून त्याच्या उच्चाटनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. लग्न जुळवताना दोघांची रक्ततपासणी करून घ्या, एवढे जरी पाळकाने विवाहपूर्व भेटीत सांगितले तरी जिवांच्या राखणीतला तो मोठा भाग होईल. आमच्याच जिल्ह्यात चिंचपाड्याला ख्रिस्ती रुग्णालय आहे. ज्यांनी ते उभारले आणि चालवले त्यांना प्रार्थना आणि औषध यांत भांडण आहे असे कधी वाटले नाही. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली पडून, आता माझा जीव घे, असे देवाला म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. देवाशी बोलणे पुढे पुष्कळ दिवसांनी झाले. राजांच्या पहिल्या पुस्तकातला तो १९ वा अध्याय प्रत्येक सेवकाने पाठ करावा.

मनाच्या आजारालाही हेच लागू आहे. कपाशीच्या पट्ट्यात कर्जापायी जीव दिलेल्या माणसाच्या घरी मी तीन वेळा गेलो आहे, आणि तिन्ही ठिकाणी दफनाच्या आधी कोणीतरी कुजबुजत विचारले की, याला आपल्या कब्रस्तानात जागा द्यायची का. रोमन कॅथलिक चर्चच्या जुन्या धर्मकायद्यात हेतुपुरस्सर आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारलेले होते. १९८३ च्या नव्या कायद्यात ते कलम राहिले नाही. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्यानेही, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, असे गृहीत धरले आहे. रोम बदलले, दिल्लीचा कायदा बदलला, आणि आमच्या गावातली कुजबूज मात्र अजून तशीच आहे. ज्या पाळकाला समोरच्याच्या बोलण्यात जीव देण्याची छटा ऐकू येते, त्याने केवळ डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करून परतू नये. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक त्याच्या खिशात असावा, आणि त्या माणसाला जिल्हा रुग्णालयात घेऊन जाताना मोटारसायकलवर तो स्वतः पुढे बसलेला असावा.

मराठी ख्रिस्ती परंपरेत शंका काही परकी नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरही ख्रिस्ताचे देवत्व, त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), चर्चचा अधिकार यांविषयी त्या तेथील धर्मभगिनींशी आणि शिक्षिकांशी पत्रांतून झगडत राहिल्या. बुद्धीला न पटलेले त्यांनी केवळ आज्ञा म्हणून मानले नाही. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना यात अहंकार दिसला. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी मात्र प्रत्येक शंकेला शंका म्हणूनच वागवले आणि धीराने पत्रोत्तरे लिहिली. एकाच काळात, एकाच व्यक्तीच्या आत्मिक काळजीचे हे दोन नमुने आहेत, आणि ते दोन्ही प्रेमापोटीच होते, म्हणून मला ते अधिक विचार करायला लावतात. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी रमाबाईंना आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, पण ख्रिस्त अजून गवसला नव्हता, असे जाणवले, आणि हे त्यांनी आपल्या साक्षीत उघड लिहिले. आमच्या प्रार्थनासभेत आज एखाद्या बाईने असे सांगितले, तर तिला आम्ही किती वेळ बोलू देऊ?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा. मधली पाच वर्षे त्या आपल्या मनाप्रमाणे, आपल्या गतीने चालल्या; नवऱ्याकडे परत आल्यावरही सुरुवातीला त्यांनी आपले सोवळे आणि आपली चूल निराळी ठेवली. त्याच घरात, अहमदनगरला, आपल्या धरणगावचा त्र्यंबक ठोमरे, म्हणजे बालकवी, मुलासारखा राहिला आणि शेवटपर्यंत आपल्या धर्मातच राहिला. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली त्याचा अंत झाला तेव्हा तो अवघा सत्तावीस वर्षांचा होता. भुसावळहून जळगावला जाताना भादली आले की मला दरवेळी त्या घराची आठवण होते. उदास स्वभावाच्या एका परधर्मीय तरुणाला पाळकाच्या घरात ताट वाढले जात होते, आणि पाळकाची बायको त्याचे लाड करत होती. याला पाळकीय सेवा म्हणायचे नसेल तर दुसरे काय म्हणायचे, ते मला माहीत नाही.

एका जुन्या दुखण्याविषयी लिहिणे मला अवघड जाते, पण ते टाळता येत नाही. आमच्याकडे प्रार्थनेचा विषय या नावाखाली माणसांची गुपिते फुटतात. कोणी विश्वासाने पाळकाच्या कानात सांगितलेले घरचे भांडण, मुलाचे व्यसन, स्वतःच्या मनातला अविश्वास, हे सगळे बुधवारच्या सभेत, बंधूसाठी विशेष प्रार्थना करा, असे म्हणून चव्हाट्यावर येते, आणि आता तर रात्रीपर्यंत मोबाइलवरच्या गटात पोहोचते. हेतू वाईट नसतो. पण एकदा असे झाले की तो माणूस पुन्हा कधीही खरे बोलत नाही. कॅथलिक परंपरेत पापनिवेदनाची गुप्तता इतकी कडक आहे की, ती जाणूनबुजून मोडणारा धर्मगुरू त्याच क्षणी चर्चमधून बहिष्कृत होतो. आम्ही प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी पापनिवेदनाची पेटी ठेवली नाही, त्यामागे आमची कारणे आहेत; पण पेटीबरोबर तोंडाचे कुलूपही टाकून दिले, हे आमचे नुकसान झाले.

हे सारे पाळकावर ढकलून मी मोकळा होऊ इच्छीत नाही, कारण त्याची अवस्था मला आतून ठाऊक आहे. एकेका सेवकाकडे अनेक गावे असतात. दिवाळी उलटली की नंदुरबार, नवापूर, साक्री भागातली शेकडो कुटुंबे उचल घेऊन दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात. नाताळच्या उपासनेला गावात म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले उरतात, आणि अर्धी मंडळी बारडोलीकडच्या पडावावर, उसाच्या पाचटाच्या खोपीत असते. मी तीन नाताळ तिकडे काढले आहेत. पहाटे चारला कोयता घेऊन निघालेल्या आणि रात्री आठला परतलेल्या माणसाला काय उपदेश करायचा? तो दमलेल्या आवाजात विचारतो की, देव गावातच राहिला काय, आणि विचारता विचारताच त्याला झोप लागते. अशा ठिकाणाहून सेवक परत येतो तेव्हा त्याच्या स्वतःच्या मनात जे उठलेले असते, ते त्याने कोणाला सांगावे? मंडळीला सांगितले तर ती खचेल, वरिष्ठांना सांगितले तर त्याची बदली होईल किंवा देवाने त्याला सेवेसाठी बोलावले होते, त्या पाचारणावरच संशय घेतला जाईल, बायकोला सांगितले तर ती रात्रभर जागी राहील. मदर तेरेसांची खासगी पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली, आणि सेवेच्या जवळजवळ सगळ्या काळात त्यांना देवाच्या सान्निध्याचा अनुभव येत नव्हता, हे जगाला कळले. त्यांना २०१६ साली संतपद देण्यात आले. तो अंधार त्याच्या आड आला नाही. मला यात महत्त्वाचे वाटते ते असे की, त्यांनी तो अंधार आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना वेळोवेळी लिहून कळवला होता. त्यांचे ऐकणारे कोणीतरी होते. साक्री किंवा धडगावच्या डोंगरातल्या सेवकाला असे कोण आहे?

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला हे विचार पटत नाहीत, आणि त्यांचा आक्षेप मी हलका मानत नाही. त्यांचे म्हणणे असे की, आपण मूठभर आहोत, चहूबाजूंनी आपल्याकडे संशयाने पाहिले जाते, आणि अशा वेळी आपलेच लोक आपल्या विश्वासाविषयी शंका बोलू लागले तर विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळेल, आणि नवे विश्वासी बिथरतील. भीती खरी आहे. पण दाबलेली शंका नाहीशी झालेली मी पाहिलेली नाही. ती घरी जाते, मुलांना न बोलता शिकवली जाते, आणि ती मुले मोठी होऊन शहरात गेली की एके दिवशी शांतपणे सगळे सोडून देतात. त्यांनी कधी काही विचारलेच नव्हते, म्हणून आम्हालाही त्यांना काही देता आले नाही. नव्या विश्वाश्याला बिथरवते ती शंका नसते. सगळ्यांचे चेहरे निश्चिंत आणि आपलेच मन अस्थिर, ही एकटेपणाची भावना त्याला बिथरवते. नव्या करारातल्या यहूदाच्या छोट्याशा पत्रात संशयात असलेल्यांवर दया करा, असे सांगितले आहे. त्यांना वादात हरवा, असे तेथे म्हटलेले नाही.

आपल्यामार्फत खानदेशातील मंडळ्यांच्या पाळकांना, वडिलांना आणि पंचांना माझी विनंती आहे की, महिन्यातून एका उपासनेत तरी ज्यांच्या प्रार्थनेला हवे ते उत्तर मिळाले नाही त्यांनाही बोलू द्यावे, आणि त्यांचे बोलणे झाल्यावर त्यावर लगेच उपदेश करू नये. एखादे विलापाचे स्तोत्र वाचून थांबावे. कानात सांगितलेले कानातच राहील, असा ठराव प्रत्येक पंचकमिटीने लेखी करावा. आणि दोन-तीन तालुक्यांतील सेवकांनी महिन्यातून एक दिवस, वरिष्ठांच्या उपस्थितीविना, हजेरी किंवा अहवाल न मागता, एकत्र बसावे. बैठकीला विषय नसला तरी चालेल.

ज्या मुलीच्या हाताविषयी मी वर लिहिले, तिचे आता लग्न झाले आहे आणि तिला दोन मुले आहेत. तिची आई आजही उपासनेला येते, मागे बसते आणि गीत गात नाही. मी तिला त्याविषयी कधी विचारलेले नाही. त्या गावी गेलो की तिच्याकडे चहा घेतो, आणि तिला वाचता येत नसल्याने तिच्या मुलाचे पत्र आले असेल तर ते वाचून दाखवतो.

माझा पत्ता आपल्या कार्यालयात आहे. कोणी तरुण सेवक, कोणत्याही मंडळीचा, बोलण्यासाठी जागा शोधत असेल, तर त्याला तो अवश्य द्यावा. गुरुवारी मी दिवसभर घरी असतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पाळक
नवापूर तालुका, जि. नंदुरबार
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)